दोन वर्षांचं कार्ड

चालकाने एका कानावर हात ठेवायचा. दुसरा कान तपासणाऱ्याकडे करून उभं राहायचं. दोघांमध्ये किमान पाच फुटांचं अंतर. तपासणारा आधी श्वास सोडतो आणि छातीत जेवढा उरतो तेवढ्यावर काही आकडे कुजबुजतो : सहासष्ट, अठरा, तेवीस. चालकाने ऐकलं ते म्हणून दाखवायचं. मग दुसरा कान. दोन्हींपैकी एका कानाने जरी नीट ऐकू आलं तरी तो उत्तीर्ण. श्रवणयंत्र लावलेलं असलं तरी चालतं.

अमेरिकेत ट्रक चालवून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला या कुजबुजीला सामोरं जावं लागतं. किंवा मग यंत्रावरच्या चाचणीला. तिथले ड्रायव्हर या तपासणीला ‘डीओटी फिजिकल’ म्हणतात, कारण तिचे नियम केंद्रीय परिवहन खात्याचे आहेत. ती पार पडली की एक प्रमाणपत्र मिळतं. त्याचं बोलीतलं नाव ‘मेड कार्ड’. ते जास्तीत जास्त चोवीस महिने चालतं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मालाची ने-आण करणारं, साडेचार टनांच्या वरचं व्यावसायिक वाहन या कार्डाशिवाय चालवता येत नाही. आणि ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला चाकामागे बसवलं तर कंपनीही तितकीच दोषी ठरते. म्हणून तपासणीचा आग्रह सरकारपेक्षा मालकच जास्त धरतो. नोकरीवर घेण्याआधी धरतो, आजारपणानंतर चालक कामावर परतताना धरतो आणि काही वेळा कायद्याने सांगितलेल्यापेक्षा जास्तही धरतो.

तपासणीत काय असतं? प्रत्येक डोळ्याची नजर 20/40, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत 6/12, चष्म्यासह किंवा चष्म्याविना. दोन्ही बाजूंना किमान सत्तर अंशांपर्यंत दिसलं पाहिजे. सिग्नलचा लाल, हिरवा आणि पिवळा रंग ओळखता आला पाहिजे. रक्तदाब, नाडी, छाती, पोट, सांधे, हर्निया, प्रतिक्षिप्त क्रिया हे सगळं पाहिलं जातं. लघवी तपासतात ती साखर, प्रथिनं आणि रक्त यांच्यासाठी. अंमली पदार्थांची चाचणी वेगळी असते आणि तिचे नियमही वेगळे आहेत.

पण यातला सगळ्यात नाजूक भाग यंत्रांचा नाही. तो अर्जाच्या पहिल्या पानांवर आहे. तिथे चालकाने स्वतःच्या हाताने ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा खुणा करायच्या असतात. कधी झटका आला होता का? हृदयाचा त्रास? साखरेचा आजार? कोणती औषधं चालू आहेत? झोपेत श्वास थांबतो का, दिवसा डुलक्या येतात का, मोठ्याने घोरता का? खाली सही. खोटी माहिती दिली तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, हेही तिथेच छापलेलं असतं.

ज्याला मैलावर पैसे मिळतात, ज्याच्या घराचा हप्ता त्या मैलांवर अवलंबून आहे, त्याने ‘दिवसा डुलक्या येतात का’ या चौकटीत काय लिहावं? या तपासणीचं सगळं यश-अपयश त्याच एका खुणेवर येऊन थांबतं.

*

9 मे 1999. अमेरिकेत त्या दिवशी मातृदिन होता. लुइझियाना राज्यातून ज्येष्ठ नागरिकांना घेऊन एक बस मिसिसिपीतल्या कॅसिनोकडे निघाली होती. न्यू ऑर्लिन्स शहरात महामार्गावर ती रस्ता सोडून बाहेर गेली आणि मातीच्या भरावावर आदळली. बावीस प्रवासी ठार झाले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत जे बाहेर आलं त्याने सगळी प्रमाणपत्रव्यवस्था उघडी पडली. चालकाला हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा गंभीर विकार होता. अपघाताच्या काही तास आधीही त्याने रुग्णालयात उपचार घेतले होते. त्याच्या शरीरात गांजाचा अंशही सापडला. तरीही त्याच्याकडे व्यावसायिक परवाना होता आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही होतं. मंडळाने अपघाताच्या कारणांत चालकाच्या आजारपणासोबत प्रमाणपत्र देणाऱ्या पद्धतीच्या अपयशाचाही समावेश केला.

त्या काळी कोणताही परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिक हे प्रमाणपत्र देऊ शकत असे. ट्रक चालवताना शरीरावर काय ताण येतो हे त्याला माहीत असलंच पाहिजे, अशी अट नव्हती. एका दवाखान्यात नापास झालेला चालक दुसऱ्या दवाखान्यात जाई आणि आधीच्या निकालाची तिथे कुणाला गंधवार्ता नसे. 2008 साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दोन सरकारी याद्या जुळवून पाहिल्या. पूर्ण अपंगत्वाचा लाभ मिळवण्यास पात्र ठरलेल्या आणि तरीही व्यावसायिक वाहनाचा परवाना मिळालेल्या व्यक्ती निघाल्या सुमारे 5 लाख 63 हजार. यातले सगळेच गाडी चालवायला असमर्थ होते असा याचा अर्थ नव्हता, हेही त्या कार्यालयाने नोंदवलं. पण दोन्ही याद्या तोवर एकमेकींशी कधी बोललेल्या नव्हत्या, एवढं त्यातून स्पष्ट झालं.

2005 च्या कायद्याने संसदेने प्रमाणित तपासनिसांची राष्ट्रीय नोंदवही तयार करण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षात ती लागू व्हायला 21 मे 2014 उजाडलं. बसचा अपघात ते नोंदवही, मध्ये पंधरा वर्षं गेली. आता डॉक्टर असो, प्रगत प्रशिक्षण घेतलेली परिचारिका असो की कायरोप्रॅक्टर, त्या विषयाचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय आणि नोंदवहीत नाव आल्याशिवाय त्याला ट्रकचालकाचं प्रमाणपत्र देता येत नाही. तपासणीचा निकाल, मग तो पास असो वा नापास, दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत केंद्रीय यंत्रणेला कळवावा लागतो. जून 2025 पासून हा निकाल परवाना देणाऱ्या राज्यांकडेही थेट संगणकावरून जाऊ लागला आहे. खिशातल्या कागदाचं महत्त्व त्या प्रमाणात कमी होत चाललं आहे.

नोंदवही आली म्हणून लबाडी संपली नाही. ती लागू झाली त्याच वर्षाच्या अखेरीस अटलांटामधल्या एका ट्रकतळावरच्या तपासनिसावर न केलेल्या चाचण्या केल्याचं दाखवून प्रमाणपत्रं वाटल्याचा आरोप झाला. त्याने तपासलेल्या सहा हजारांहून अधिक चालकांना नव्याने तपासणी करून घ्यावी लागली. त्या सहा हजारांत धडधाकट माणसंही होती. त्यांचाही वेळ गेला, रोजगारही गेला.

*

तपासणीचे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात येते : नियम करणाऱ्यांनी थेट ‘पास’ आणि ‘नापास’ यांच्या मध्ये पायऱ्या ठेवल्या आहेत. तपासनिसांना दिलेली रक्तदाबाची मार्गदर्शक सूत्रंच पाहा. 140/90 च्या आत असेल तर पूर्ण दोन वर्षांचं कार्ड. 140 ते 159 किंवा 90 ते 99 असेल तर एक वर्षाचं. 160 ते 179 किंवा 100 ते 109 असेल तर एकदाच, तीन महिन्यांचं. या तीन महिन्यांत औषधं सुरू करायची, रक्तदाब खाली आणायचा आणि परत यायचं. 180/110 च्या वर असेल तर मात्र गाडी बंद. उपचाराने रक्तदाब आटोक्यात आला की सहा-सहा महिन्यांची कार्डं.

या तीन महिन्यांच्या कार्डाचं मोल मोठं आहे. आजार सापडला तरी चालकाचं काम त्याच दिवशी सुटत नाही. तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन निघू शकतो, पण आता त्याच्या खिशात औषधाची चिठ्ठी असते आणि समोर तारीख असते.

या पायऱ्यांची गरज किती आहे हे अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेच्या सर्वेक्षणातून दिसलं. 2010 मध्ये या संस्थेने देशभरातल्या 32 ट्रकतळांवर लांब पल्ल्याच्या 1,670 चालकांची माहिती गोळा केली. त्यातले 69 टक्के चालक स्थूल निघाले. देशातल्या एकूण कामकरी प्रौढांत हे प्रमाण 31 टक्के होतं. 51 टक्के चालक धूम्रपान करत होते, इतर कामकऱ्यांत 19 टक्के. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. दिवसाला अकरा तासांपर्यंत चाकामागे बसून राहणं, ट्रकतळावर जे मिळेल ते खाणं, केबिनमागच्या बिछान्यावर झोपणं, आज पहाटे तर उद्या मध्यरात्री निघणं, आणि नेहमीचा डॉक्टर शेकडो मैल दूर. अनेक चालकांच्या वाट्याला वर्षा-दोन वर्षांतून जी एकमेव वैद्यकीय तपासणी येते, ती हीच. एखाद्याला आपला रक्तदाब वाढला आहे हे तिथेच पहिल्यांदा कळतं.

*

कायदा जिथे थांबतो तिथून पुढे मालकाचा अधिकार कुठवर जातो, हा वाद सगळ्यात जास्त रंगला तो झोपेवरून.

झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वास वारंवार अडखळण्याच्या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. माणूस रात्रभर झोपतो, पण झोप पुरी होत नाही आणि दिवसा डोळे मिटू लागतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या, सरकारनेच करवून घेतलेल्या अभ्यासात व्यावसायिक चालकांपैकी सुमारे 28 टक्क्यांना हा विकार कमी-अधिक प्रमाणात असल्याचं आढळलं होतं. त्याची खात्री करायची तर झोपेची चाचणी करावी लागते. त्यात रात्रभर अंगावर वायरी लावून झोपायचं. उपचार म्हणून रात्री नाकावर मुखवटा लावून हवेचा दाब देणारं यंत्र वापरावं लागतं.

नेब्रास्कातल्या क्रीट कॅरिअर या मोठ्या ट्रक कंपनीने नियम केला : ज्या चालकाचा बॉडी मास इंडेक्स 35 किंवा त्याहून जास्त आहे, त्याने झोपेची चाचणी करून घेतलीच पाहिजे. एका चालकाने नकार दिला. त्याच्याकडे सरकारी नियमांनुसार मिळालेलं वैध कार्ड होतं. चाचणीची गरज नाही, अशी वैद्यकीय चिठ्ठीही त्याने आणली होती. कंपनीने त्याला गाडी देणं बंद केलं आणि तो न्यायालयात गेला.

अपंग नागरिकांच्या हक्कांच्या 1990 च्या अमेरिकी कायद्यात यासाठी एक कसोटी आहे. नोकरीवर असलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी मालकाला मनात आलं म्हणून करता येत नाही. ती कामाशी निगडित आणि व्यवसायासाठी आवश्यक असली पाहिजे. 12 ऑक्टोबर 2016 रोजी आठव्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ठरावीक बॉडी मास इंडेक्सच्या वरच्या सगळ्या चालकांना एक गट मानून कंपनी अशी चाचणी सक्तीची करू शकते. त्या एका चालकाबद्दल स्वतंत्र शंका असायला हवी अशी गरज नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

या निकालाने मालकाचा हात बळकट झाला. पण सक्ती हे निम्मंच उत्तर आहे. उरलेलं निम्मं सापडतं श्नायडर या दुसऱ्या बड्या ट्रक कंपनीच्या अनुभवात. या कंपनीने स्लीप ॲप्नियाची तपासणी आणि उपचार यांचा कार्यक्रम स्वतः राबवला. मिनेसोटा आणि हार्वर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी त्याची आकडेवारी अभ्यासली आणि 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विकार असूनही यंत्र अजिबात न वापरणाऱ्या चालकांच्या हातून टाळता येण्याजोग्या गंभीर अपघातांचं प्रमाण, विकार नसल्याचं मानल्या गेलेल्या चालकांच्या तुलनेत पाचपट होतं. जे नियमितपणे यंत्र वापरत होते त्यांच्यात आणि विकार नसलेल्यांत मात्र फरक दिसला नाही.

म्हणजे आजार असलेला चालक धोकादायक नव्हता. उपचार न घेणारा होता. आणि यातली खरी मेख अशी की कंपनीची अट न पाळणारा चालक ती नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत जाऊन पुन्हा गाडी चालवू शकत होता, कारण ही चाचणी सगळ्यांना बंधनकारक करणारा नियमच नव्हता. एका मालकाने घेतलेली काळजी शेजारच्या मालकाच्या फाटकातून बाहेर निसटत होती.

असा नियम करण्याचा प्रयत्न झाला होता. झोपेच्या विकारांबद्दल काही सक्ती करायची असेल तर नुसती मार्गदर्शक सूचना काढून चालणार नाही, रीतसर नियम करावा लागेल, असं संसदेने 2013 मध्ये ठरवलं. मार्च 2016 मध्ये परिवहन खात्याने त्याची पहिली पायरी म्हणून लोकांकडून माहिती मागवली. ऑगस्ट 2017 मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. त्यामुळे घोरण्याचा प्रश्न अजूनही अर्जावरच्या एका चौकटीत आणि तपासनिसाच्या समजुतीत आहे.

*

याच तपासणीच्या इतिहासात दुसरी एक वाटही सापडते आणि ती जास्त आशादायक आहे.

1990 मध्ये आल्बर्टसन्स या किराणा दुकानांच्या साखळीने ओरेगनमध्ये एका अनुभवी ट्रकचालकाला नोकरी दिली. दहा वर्षांहून जास्त अनुभव, रस्त्यावरच्या चाचणीतही उत्तम कामगिरी. त्याच्या एका डोळ्याची नजर 20/200 होती, पण डॉक्टरने चुकून त्याला पात्र ठरवलं. 1992 मध्ये रजेवरून परतताना पुन्हा तपासणी झाली, तेव्हा नजर नियमात बसत नसल्याचं उघड झालं. कंपनीने त्याला काढून टाकलं. त्याने सरकारकडून सवलत मिळवली, तरीही कंपनीने परत घेतलं नाही. 22 जून 1999 रोजी, न्यू ऑर्लिन्सच्या अपघातानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : सरकारने प्रायोगिक सवलत दिली असली तरी मालक मूळ नियमावर अडून बसू शकतो.

चालक हरला. पण पुढच्या काळात त्याच्यासारख्यांना सवलतीचे अर्ज मंजूर होत गेले. हजारो चालकांनी त्या सवलतीवर गाड्या चालवल्या आणि त्यांच्या नोंदी साठत गेल्या. 22 मार्च 2022 पासून नियमच बदलला. एका डोळ्याची नजर कमी असेल, पण चांगल्या डोळ्याची नजर 20/40 असेल, नजर स्थिर असेल, नेत्रतज्ज्ञाने तसं लिहून दिलं असेल आणि मालकाने रस्त्यावर चाचणी घेऊन खात्री केली असेल, तर चालक पात्र ठरू शकतो. दरवर्षी फेरतपासणी मात्र हवी. ओरेगनच्या चालकाने 1990 मध्ये जी रस्त्यावरची चाचणी उत्तमरीत्या दिली होती, तीच आता कायद्यात आली.

इन्सुलिनचंही तसंच झालं. इन्सुलिन घेणाऱ्या चालकाला पूर्वी आंतरराज्य वाहतुकीची दारं बंद होती किंवा विशेष सवलतीचा लांबलचक अर्ज करावा लागे. 19 नोव्हेंबर 2018 पासून तीन महिन्यांच्या रक्तशर्करेच्या नोंदी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचा दाखला आणला तर तपासनीस त्याला एका वर्षाचं कार्ड देऊ शकतो. पूर्वी जो चालक इन्सुलिन लपवत असे किंवा परवान्यासाठी घ्यायचंच टाळत असे, त्याला आता नीट नोंदी ठेवण्यात फायदा आहे. खरं सांगणाऱ्याचं काम टिकेल अशी रचना केली, की खरं सांगणारे वाढतात आणि रस्ताही सुरक्षित होतो. या सगळ्या खटल्यांतून, अपघातांतून आणि नियमांतून हाती लागणारी गोष्ट ही आहे.

खर्चाचा प्रश्नही याच रचनेचा भाग. या तपासणीचे पैसे मालकाने द्यावेत असं केंद्रीय नियम सांगत नाहीत. कॅलिफोर्नियाचा कामगार कायदा मात्र सांगतो : नोकरीची अट म्हणून किंवा कायद्याने लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीचा खर्च कामगाराच्या माथी मारता येणार नाही.

*

महाराष्ट्रात कळंबोलीच्या पोलाद बाजारात किंवा न्हावा-शेवा बंदराबाहेर कंटेनर घेऊन थांबलेल्या ड्रायव्हरचं शरीरही तेच सोसतं. बसणं तेच, जागरण तेच, आणि उन्हाळ्यात केबिनमधली धग त्यावर. सेव्हलाइफ फाउंडेशनने 2020 मध्ये दहा शहरांतल्या बाराशेहून अधिक ट्रकचालकांशी बोलून केलेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी जवळपास बारा तास गाडी चालवत असल्याचं दिसलं. थकवा किंवा झोप येत असतानाही गाडी चालवल्याचं जवळजवळ निम्म्यांनी मान्य केलं.

आपल्याकडे व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी ‘नमुना 1-अ’ हे डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. दिवसाच्या चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, नेहमीचे आवाज ऐकू येतात का, हातापायांत काही दोष आहे का, असे प्रश्न त्यात आहेत. परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षं होती, 2019 च्या दुरुस्तीने ती पाच वर्षं झाली. अमेरिकेतला निरोगी चालक दोन वर्षांनी तपासला जातो, आपला पाच वर्षांनी. मधल्या काळात रस्ता सुरक्षा अभियानात नेत्रतपासणी शिबिरं होतात, चष्मे वाटले जातात. ज्याला नवा चष्मा मिळाला त्याच्यासाठी ते मोठंच काम आहे. पण शिबिरात बीपी 170 निघालं तर त्या ड्रायव्हरने पुढे कुठे जायचं आणि त्याच्या मालकाने काय करायचं, हे ठरलेलं नसतं.

मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 चा स्वतंत्र कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा त्यात होती आणि पाच किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन व्यवसायांना तो लागू होता. तो आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन झाला आहे. ही संहिता 2020 मध्ये संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. ठरावीक वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करावी, अशी तरतूद तिच्यात आहे. ट्रकचालकासाठी ती फार मोलाची ठरू शकते. मात्र परिवहन व्यवसायाला संहितेतल्या ‘आस्थापना’ या व्याख्येत बसायचं तर दहा किंवा अधिक कामगार असावे लागतात. आपल्याकडचे कितीतरी ट्रक एक, दोन किंवा चार गाड्या असलेल्या मालकांचे आहेत. त्यांचे ड्रायव्हर या तपासणीच्या बाहेर राहतात.

संहितेखालचे नियम करताना राज्य सरकारला हे ड्रायव्हर वगळून चालणार नाही. त्यांची तपासणी कळंबोलीसारख्या ट्रकतळावरच व्हावी, तिचा खर्च ड्रायव्हरकडून घेतला जाऊ नये, आणि बीपी किंवा साखर वाढलेली निघाली तर उपचाराच्या तीन महिन्यांत त्याचं काम जाणार नाही, एवढ्या तीन गोष्टी नियमांत स्पष्ट शब्दांत लिहिल्या गेल्या पाहिजेत.